उभ्या लोकोची निगा : जुना अल्को डिझेल चालू स्थितीत कसा ठेवायचा

डिझेल लोको धावून झिजतो, पण खराब होतो तो उभा राहून. रेल्वेच्या सेवेत असताना डब्ल्यूडीएम-२ या अल्को लोकोची देखभाल ठरलेली होती. पंधरवड्याला ट्रिप शेड्यूल, मग मंथली, चारमाही, वार्षिक असं चढत जाऊन शेवटी वर्कशॉपात पीओएच, म्हणजे पूर्ण लोको उघडून होणारी मोठी नियतकालिक दुरुस्ती. त्या सगळ्या वेळापत्रकात लोको रोज कामावर आहे हे धरलेलं होतं. रोज गरम होणाऱ्या इंजिनातून ओल निघून जाते, फिरत्या बेअरिंगवर तेलाचा थर टिकतो, बॅटरी चार्ज होत राहते. हेरिटेज वर्कशॉपातला लोको वर्षाकाठी थोडेच दिवस धावतो. बाकीचा काळ त्याला पाणी, गंज, उंदीर आणि कडक होत जाणारं रबर यांच्याशी झुंजायचं असतं. म्हणून शेडची जुनी पुस्तिका जवळ जरूर ठेवा, पण कामाचा क्रम ती जशीच्या तशी उचलून ठरवू नका.

हा लेख १६ सिलिंडरच्या अल्को २५१ इंजिनाच्या लोकोंसाठी आहे, म्हणजे मुख्यतः डब्ल्यूडीएम-२. १९६२ मध्ये हे लोको अमेरिकेच्या अल्को कंपनीकडून आले आणि जानेवारी १९६४ पासून वाराणसीच्या डीएलडब्ल्यूत (डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्स या रेल्वेच्या कारखान्यात) बनू लागले. मूळ अल्को १९६९ मध्ये बंद पडली, तरी आपल्याकडे हे इंजिन पुढे कित्येक दशकं बनत आणि सुधारत राहिलं. पुणे-मिरज-कोल्हापूर मार्गावर वर्षानुवर्षं याच घराण्यातले लोको गाड्या ओढत होते. पुणे आणि कल्याणच्या डिझेल शेडमध्ये फिटरांच्या पिढ्या याच इंजिनावर तयार झाल्या. चंद्रमोहिमेची रॉकेटं प्रक्षेपणतळावर वाहून नेणाऱ्या नासाच्या महाकाय क्रॉलर गाड्यांमध्येही याच घराण्यातली व्ही-१६ इंजिनं बसवली होती. हे इंजिन दणकट आहे आणि साध्या हत्यारांनी उघडता येतं. जतनासाठी याहून सोयीचं डिझेल इंजिन मिळणं अवघड आहे, असं माझं ठाम मत आहे.

हात लावण्याआधी

लोको ताब्यात आला की सुरू करून बघण्याची घाई होते. ती आवरा. आधी कागद मिळवा : हिस्ट्री बुक, शेवटचं पीओएच कधी झालं, शेवटचं इंजिन कधी सुरू झालं होतं, कोणता पॉवर पॅक (इंजिन आणि जनरेटरचा जोडसंच) बसवलेला आहे. सेवेतून काढलेल्या लोकोचे सुटे भाग बहुधा शेडमध्येच दुसऱ्या लोकोंसाठी काढून घेतलेले असतात. गव्हर्नर (इंजिनाचा वेग राखणारं यंत्र), इंजेक्शन पंप, टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा भरणारा पंखा), बॅटऱ्या, रिले यांपैकी काय जागेवर आहे आणि काय नाही याची यादी पहिल्याच दिवशी फोटोंसह करा.

मग लोको सुरक्षित करा. हँडब्रेक आवळा, चाकांना दोन्ही बाजूंनी वेज लावा, बॅटरी नाइफ स्विच उघडा, सगळ्या हवेच्या टाक्या ड्रेन करा. जुन्या एक्झॉस्ट पाइपांवरचं लॅगिंग (उष्णतारोधक वेष्टण) ॲस्बेस्टॉसचं असू शकतं, त्यामुळे खात्री होईपर्यंत ते खरवडू नका. कूलिंग सिस्टिमच्या सांध्यांवर पिवळी पुटं दिसली तर ती जुन्या क्रोमेट कंपाउंडची असू शकतात. ते विषारी असतं. हातमोजे आणि मास्क घाला आणि ते धुतलेलं पाणी गटारात सोडू नका. एकट्याने काम करायचं नाही हा नियम स्वयंसेवकांच्या वर्कशॉपात तर शेडपेक्षाही काटेकोरपणे पाळायला हवा, कारण तिथे आरडाओरडा ऐकायला शेजारच्या पिटवर कुणी नसतं.

पाणी कुठून शिरतं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. या इंजिनाच्या कूलिंग सिस्टिममध्ये सुमारे १२०० लिटर पाणी असतं, आणि लोको उभा असताना त्यातला प्रत्येक थेंब नको तिथे शिरायची वाट शोधत असतो. मुख्य वाटा चार. लायनरच्या, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळकांड्याच्या, खालच्या टोकाची रबर सील कडक झाली की पाणी थेट संपात (तळाच्या तेलाच्या टाकीत) उतरतं. सिलिंडर हेडला तडा गेला की ते पिस्टनच्या डोक्यावर साचतं. आफ्टरकूलर (टर्बोतून आलेली हवा थंड करणारा भाग) गळू लागला की हवेच्या मॅनिफोल्डमध्ये जातं. टर्बोचं केसिंगही पाण्याने थंड होतं, त्याला भेग पडली की एक्झॉस्टच्या बाजूला.

तपासणी सोपी आहे, फक्त धीर हवा. सिस्टिम स्वच्छ पाण्याने पूर्ण भरा आणि रात्रभर तशीच ठेवा. सकाळी दोन्ही बाजूंची क्रँककेसची (क्रँकशाफ्टभोवतीच्या कवचाची) दारं उघडा. प्रत्येक लायनरचा खालचा काठ कोरड्या सुती फडक्याने पुसून घ्या आणि पंधरा-वीस मिनिटांनी टॉर्च घेऊन पुन्हा पाहा. चांगल्या लायनरच्या काठावर तेलाचा नुसता तुकतुकीत थर दिसतो. गळक्या लायनरच्या काठावर आधी एक बारीक, काचेसारखा स्वच्छ थेंब धरतो, हळूहळू फुगतो आणि क्रँकशाफ्टच्या वेबवर पडतो. तेलावर पडलेला तो थेंब गोलच राहतो, पसरत नाही. एकदा पाहिला की पुढच्या वेळी शोधावा लागत नाही. ज्या लायनरखाली तो दिसेल त्याचा क्रमांक तिथल्या तिथे खडूने दारावर लिहा.

दहा-पंधरा वर्षं उभ्या असलेल्या इंजिनात एक सील गेली असेल तर बाकीच्याही जाण्याच्या मार्गावर असतात. पैशांची सोय असेल तर एकेक लायनर न काढता सोळाही लायनर काढून सील बदला. काम मोठं आहे, पण एकदाच होतं.

सिस्टिममध्ये नळाचं किंवा बोअरचं पाणी कायमचं ठेवू नका. डीमिनरलाइज्ड पाणी घ्या आणि त्यात बोरेट-नायट्राइट जातीचं गंजरोधक योग्य प्रमाणात घाला. पाण्याची पातळी राखायला साधं पाणी टाकत गेलं की हे प्रमाण नकळत उतरतं, म्हणून दर महिन्याला ते तपासा.

तेल काय सांगतं

संपमध्ये सुमारे ९०० लिटर लूब ऑइल असतं. एवढं तेल बदलणं महाग, त्यामुळे ते नक्की कधी बदलायचं हे कळायला हवं. संपच्या तळाचा ड्रेन कॉक जरासा उघडून पहिलं अर्धा लिटर काचेच्या बरणीत घ्या आणि रात्रभर ठेवा. पाणी असेल तर तळाशी वेगळं दिसतं. दुसरी चाचणी तव्यावरची. शंभर अंशांच्या बऱ्यापैकी वर तापलेल्या पत्र्यावर तेलाचा थेंब टाकायचा. फोडणीत पाण्याचा थेंब पडावा तसं तडतडलं तर तेलात पाणी आहे. तिसरी, फिल्टर पेपरवर एक थेंब टाकून तो पसरू द्यायचा. मधला डाग गडद, कडेला तुटक आणि बाहेर पसरायला तयार नसलेला दिसला तर तेलाची काजळी धरून ठेवायची ताकद संपत आली.

वर्षातून निदान दोनदा नमुना प्रयोगशाळेत पाठवून स्पेक्ट्रो (तेलात उतरलेल्या धातूंची तपासणी) करून घ्या. तांबं, शिसं आणि कथील वाढलं तर बेअरिंगकडे बघा. क्रोमियम वाढलं तर रिंग आणि लायनरकडे. सिलिकॉन म्हणजे धूळ, अर्थात एअर फिल्टर. सोडियम किंवा बोरॉन दिसलं तर कूलिंगचं पाणी तेलात येतंय, मग बरणीत ते दिसो वा न दिसो. व्हिस्कॉसिटी उतरली असेल तर डिझेल मिसळतंय : एखाद्या इंजेक्टरचं नोझल गळतंय किंवा इंधनाच्या पाइपाचा सांधा. एका रिपोर्टवरून घाबरू नका आणि एका रिपोर्टवर निर्धास्तही होऊ नका. ओळीने चार-पाच रिपोर्ट शेजारी ठेवले की कल कळतो.

इंजिन पहिल्यांदा फिरवताना

लांब विश्रांतीनंतर इंजिन कधीही थेट क्रँक करू नका. बेअरिंग कोरडी असतात, आणि एखाद्या सिलिंडरमध्ये पाणी साचलं असेल तर पाणी दबत नाही. मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड.

पहिलं काम, बाहेरचा प्रीलुब्रिकेशन पंप लूब ऑइलच्या हेडरला जोडून तेल फिरवणं. व्हॉल्व्हची झाकणं उघडी ठेवा आणि प्रत्येक रॉकर आर्मवर तेल पोहोचेपर्यंत पंप चालू ठेवा. सोळापैकी एका ठिकाणी तेल येत नसेल तर थांबा. तिथली वाट चोंदलेली आहे.

दुसरं, सोळाही सिलिंडरचे डिकॉम्प्रेशन प्लग (सिलिंडरमधला दाब सोडायच्या भोकांची बुचं) काढा, इंधन बंद असल्याची खात्री करा आणि बॅरिंग करून, म्हणजे दांड्याने, इंजिन हाताने फिरवा. हे चार स्ट्रोकचं इंजिन आहे, त्यामुळे क्रँकशाफ्टचे पूर्ण दोन फेरे झाले तरच प्रत्येक पिस्टन कम्प्रेशनमधून जातो. एका फेऱ्यावर थांबलात तर निम्मे सिलिंडर तपासायचे राहिले. फिरवताना एक माणूस प्लगच्या भोकांकडे बघायला ठेवा. नुसती हवा यायला हवी. पाण्याचा फवारा आला तर त्या हेडचं काम आधी. फिरवताना कुठे जड लागलं तर लांब दांडा लावून जोर करू नका. कारण शोधा.

तिसरं, प्लग उघडेच ठेवून बॅटरीवर अगदी थोडा वेळ क्रँक करा. या लोकोत मुख्य जनरेटरच मोटरसारखा फिरून इंजिन सुरू करतो, आणि त्याला ६४ व्होल्टच्या बॅटरीतून प्रचंड करंट लागतो. बॅटरी अर्धीमुर्धी असेल तर इंजिन रेंगाळतं आणि कॉन्टॅक्टर जळतात. आठही बॅटऱ्यांच्या प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटी (ॲसिडची विशिष्ट घनता) मोजा. जी सेल शेजारणींपेक्षा बरीच खाली असेल ती पूर्ण बँकेला खाली ओढते.

आता प्लग आवळा. लूब ऑइल, पाणी, गव्हर्नरचं तेल यांच्या पातळ्या पाहा, फ्युएल बूस्टर पंप चालू करून इंधनाचा दाब आलाय का बघा, आणि सुरू करा. इंजिन पेटल्यावर सगळ्यांच्या नजरा धुराकडे जातात. एका माणसाने मात्र लूब ऑइलच्या गेजवरून नजर हटवायची नाही. काही सेकंदांत दाब चढला नाही तर लगेच बंद. ऑइल प्रेशर स्विचने सुमारे १.३ किलोला (दर चौरस सेंटिमीटर) इंजिन बंद करायलाच हवं, पण उभ्या लोकोतला स्विच अडकलेला असू शकतो, म्हणून पहिल्या दिवशी त्याच्यावर विसंबू नका. इंजिन आयडलवर, म्हणजे ४०० आरपीएमवर, स्थिरावलं की हा स्विच, कमी पाण्याचा स्विच आणि ओव्हरस्पीड ट्रिप एकेक करून मुद्दाम चालवून बघा. तिन्ही जागच्या जागी काम करतात हे दिसल्याशिवाय नॉच (ड्रायव्हरच्या हँडलचा टप्पा) वाढवायचा नाही.

क्रँककेसमध्ये किंचित व्हॅक्यूम हवा. मॅनोमीटर उलटा, म्हणजे दाबाकडे गेला तर क्रँककेसमधली वाफ ओढणारी एक्झॉस्टर मोटर बंद आहे किंवा रिंगमधून गॅस खाली येतोय. आणि इंजिन तापून अचानक बंद पडलं तर क्रँककेसची दारं लगेच उघडायची नाहीत. आत तेलाची वाफ आणि एखादं लालबुंद बेअरिंग असेल तर बाहेरची हवा मिळताच स्फोट होतो. निदान अर्धा तास थांबा.

आयडलवर ठेवणं म्हणजे चालवणं नव्हे

हेरिटेज लोकोंचं सर्वांत मोठं नुकसान प्रेमापोटी होतं. दर रविवारी इंजिन सुरू करायचं, वीस मिनिटं आयडलवर ठेवायचं, फोटो काढायचे, बंद करायचं. या वीस मिनिटांत इंजिन धड तापत नाही. अर्धवट जळालेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून तेलात उतरतं. लूब ऑइल एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये आणि टर्बोत साचत जातं. मग एखाद्या दिवशी गाडी लावून नॉच ओढला की तेच तेल पेटतं आणि चिमणीतून ज्वाळा निघतात.

त्यापेक्षा महिन्यातून एकदाच सुरू करा, पण लोड द्या. पाणी ५०-६० अंशांपर्यंत तापू द्या, मग गाडीला लावा किंवा लोड बॉक्सवर (कृत्रिम भार देणाऱ्या यंत्रावर) घ्या आणि एकेक नॉच चढवत निदान तासभर चालवा. लोडवर इंजिन तापलं की रेडिएटरचा पंखा आपापल्या तापमानाला सुरू होतो का, तेही तेव्हाच कळतं. नॉच वाढवताना अल्को काही क्षण काळा धूर टाकतोच, कारण इंधन आधी वाढतं आणि टर्बो मागून वेग घेतो. धूर साफ झाला नाही तर एअर फिल्टर, टर्बो आणि इंजेक्टर पाहा. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर पाण्याचा संशय घ्या आणि वरच्या रात्रभराच्या तपासणीकडे परत जा.

बंद करण्याआधी काही मिनिटं आयडलवर ठेवून टर्बो थंड होऊ द्या. बंद केल्यावर कान देऊन टर्बो किती वेळ फिरतोय ते घड्याळात पाहा. ४०० आरपीएमवरून बंद केल्यावर साधारण ९० ते १८० सेकंद लागायला हवेत. त्याआधीच थांबला तर बेअरिंग किंवा रोटर घासतोय. या चाचणीला एक पैसा लागत नाही, आणि टर्बो दुरुस्त करून आणायला किती लागतो हे ज्याला माहीत आहे तो ती कधी चुकवत नाही.

वीज

मुख्य जनरेटर आणि चाकं फिरवणाऱ्या सहा ट्रॅक्शन मोटरी पावसाळाभर ओल पितात. मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावण्याआधी इलेक्ट्रॉनिक कार्ड आणि डायोड सोडवून ठेवा, नाहीतर तेच जातील. पॉवर सर्किटचं इन्सुलेशन १ मेगाओहमच्या खाली असेल तर करंट द्यायचा नाही. आधी कोरडी हवा मारून धूळ काढा, मग झाकणं उघडून आत साधे बल्ब लावून ठेवा किंवा मंद गरम हवा सोडा. दोन-तीन दिवसांत आकडा चढतो. चढलाच नाही तर एकेक मोटर वेगळी करून मोजा.

कम्युटेटरचा (जनरेटर-मोटरींच्या फिरत्या भागावरच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्याचा) रंग एकसारखा चॉकलेटी असेल तर त्याला हात लावू नका. तो थर महिन्यांच्या कामाने तयार होतो. डाग किंवा गंज असेल तर बारीक काचपेपर वापरा. एमरी पेपर वापरायचा नाही, त्याचे कण वीजवाहक असतात आणि बारमधल्या फटीत बसतात. ब्रश होल्डरमध्ये सैल सरकतात का ते प्रत्येक ब्रश उचलून बघा. कंट्रोल केबलच्या ट्रेमध्ये टॉर्च मारा. उंदरांनी कुरतडलेली एक वायर दहा ठिकाणी दहा वेगवेगळे बिघाड दाखवते.

बोगी आणि ब्रेक

चाकं नवी असताना १०९२ मिलिमीटर व्यासाची असतात आणि १०१६ ला बाद होतात. कमी वेगाच्या हेरिटेज फेऱ्यांत ती फारशी झिजत नाहीत. लक्ष हवं ते सस्पेन्शन बेअरिंगकडे, म्हणजे मोटर चाकांच्या आसावर टेकते तिथल्या बेअरिंगकडे. जुन्या मोटरींत ती वातीने तेल ओढणारी असतात आणि उभ्या लोकोत वाती सुकतात. पहिल्या फेरीआधी वाती बदला, तेल भरा, गिअरकेसमधलं कंपाउंड पाहा. पहिल्या पाच किलोमीटरांनंतर थांबून प्रत्येक बेअरिंगला हात लावून तापमान बघा. लोको महिनोन्महिने उभा राहणार असेल तर अधूनमधून शंटरने थोडा सरकवा, म्हणजे चाकांच्या बेअरिंगमधले रोलर एकाच जागी टेकून राहणार नाहीत.

कॉम्प्रेसरने मुख्य टाकीत ८ ते १० किलोच्या दरम्यान हवा राखली पाहिजे. टाक्यांची हायड्रॉलिक चाचणी झाल्याचा दाखला नसेल तर हवा भरूच नका, कारण त्या आतून गंजतात आणि बाहेरून रंग चांगला दिसतो. ब्रेक व्हॉल्व्हची रबरं तुम्ही स्वतः कापून बनवू नका. ती प्रमाणित किटमधूनच घ्या.

सुटे भाग आणि पावसाळा

भारतात अल्को लोको अजून भंगारात निघताहेत, आणि रेल्वेचे ई-लिलाव सर्वांना खुले आहेत. आज जे मिळतं ते दहा वर्षांनी मिळणार नाही. प्राधान्य द्या ते सिलिंडर हेड, इंजेक्शन पंप, गव्हर्नर, वॉटर पंप आणि कंट्रोल रिलेंना. रबर मात्र साठवू नका, ते कपाटातही म्हातारं होतं. लागेल तेव्हा ताजं घ्या आणि पाकिटावरची तारीख वाचा.

वर्षाचं चक्र आपल्या हवेप्रमाणे लावा. मे महिन्यात हूडच्या दारांचे रबर, रेडिएटरचे शटर, छताचे सांधे बघून घ्या, इंधनाच्या टाकीच्या तळाचं पाणी काढा आणि टाकी भरलेली ठेवा, म्हणजे आत दव धरायला जागा उरत नाही. पावसाळ्यात दर पंधरवड्याला प्रीलुब करून इंजिन बॅरिंगने फिरवा आणि दर वेळी वेगळ्या जागी थांबवा, बॅटऱ्या चार्ज करा, हवेच्या टाक्यांचं पाणी सोडा. इलेक्ट्रिकल कपाटात एक छोटा बल्ब सतत जळता ठेवा. पाऊस ओसरला की मोठी तपासणी घ्या. खंडेनवमीला सगळं वर्कशॉप धुऊन-पुसून हत्यारांची पूजा होतेच, त्याआधीच्या दोन आठवड्यांत क्रँककेसची पाहणी, मेगर आणि तेलाचा नमुना उरकला तर दिवाळीच्या सुट्टीतल्या फेऱ्यांना लोको तयार असतो.

चिमणीवर पावसाळ्यात झाकण ठेवावंच लागतं. ते ठेवणाऱ्यानेच कॅबमध्ये स्टार्ट बटणावर लाल टॅग लावायचा, त्यावर स्वतःचं नाव आणि तारीख लिहायची, आणि लॉगबुकात नोंद करायची. टॅग काढायचा तो त्याच माणसाने, वर चढून झाकण हातात घेतल्यावर.